इपॉक्सी रेझिनसाठी न चिकटणारे पृष्ठभाग आणि साचे: कशासाठी काय वापरावं?

मोरपंखी
नमस्कार मंडळी. इपॉक्सीची तीन कामं आहेत आणि प्रत्येकासाठी साचा ठरवायचा आहे.

१) १० सेंमी व्यासाचे, ८ मिमी जाडीचे गोल कोस्टर. पन्नास नग, सगळे एकसारखे आणि चकचकीत हवेत.
२) वरमाला जतन करण्यासाठी ३० बाय ३० सेंमीचा, अडीच सेंमी जाडीचा चौकोनी ठोकळा. एकच.
३) सागाच्या दोन फळ्यांमध्ये निळी नदी सोडलेलं टीपॉयचं टॉप, ९० बाय ४५ सेंमी, जाडी ३ सेंमी.

घरात बटर पेपर, बेकिंगची सिलिकॉन मॅट, प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड, ब्राऊन टेप, व्हॅसलीन आणि फेव्हिकॉल आहे. यातलं काय चालेल आणि काय विकत आणावं लागेल? जाणकारांनी सांगावं.

काचकागद
आधी एक गैरसमज दूर करू. गुळगुळीत म्हणजे न चिकटणारं, असं अजिबात नाही. काच गुळगुळीतच असते, पण स्वच्छ काचेवर इपॉक्सी असं धरतं की ओढताना काचेचे टवके निघतात. खरा प्रश्न असतो तो पृष्ठभागाच्या ऊर्जेचा. द्रव रेझिन ज्याच्यावर पसरून त्याला नीट भिजवतं, त्याला ते धरतं. इपॉक्सीचा आकडा साधारण ४३ ते ४५ मिलिन्यूटन प्रति मीटर. त्याच्या बराच खाली असलेला पृष्ठभाग रेझिनला सोडतो: टेफ्लॉन १८ ते २०, सिलिकॉन २० ते २२, पॉलिप्रॉपिलीन ३० च्या आसपास, पॉलिथिलीन ३१ च्या आसपास. काच आणि धातू यांच्या कितीतरी वर.

आता प्लॅस्टिक ओळखायचं कसं? डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो.

२ (एचडीपीई), ४ (एलडीपीई), ५ (पॉलिप्रॉपिलीन): चालतं. श्रीखंडाचा, आइस्क्रीमचा डबा बहुधा ५ असतो. रेझिन कालवायलाही हेच घ्या. उरलेलं कडक झालं की डबा पिळून चकती बाहेर काढता येते आणि डबा पुन्हा वापरता येतो. फक्त खाण्यासाठी परत नाही.

१ (पीईटी): रेझिन हलकं धरतं. ओएचपी शीटसारखी पातळ फिल्म वाकवून सोलता येते, बाटली असेल तर कापावीच लागते.

३ (पीव्हीसी) आणि ६ (पॉलिस्टायरीन): नको. थर्माकोलही ६ मध्येच येतं. इपॉक्सीने ते विरघळत नाही, पण चिकटून बसतं.

७: यात काहीही असू शकतं, त्यामुळे तपासल्याशिवाय नको. अॅक्रिलिक शीटला तर इपॉक्सी चांगलंच धरतं. 'दिसतं प्लॅस्टिक, निघेल सहज' म्हणून अॅक्रिलिकची पेटी करणारे इथेच फसतात.

शंका असेल तर कोपऱ्यात चमचाभर रेझिन ओता, २४ तासांनी वाकवून बघा. त्याआधीचा अंदाज पाण्याच्या थेंबाने येतो: थेंब गोळीसारखा उभा राहिला तर आशा आहे, पसरला तर तो पृष्ठभाग सोडा.

तुमच्या यादीतला बटर पेपर नेमका कोणता? स्टेशनरीच्या दुकानातला, ट्रेसिंगसाठी वापरतात तो असेल तर रेझिन त्यात मुरतं आणि कागद कायमचा चिकटतो. बेकिंगचा, सिलिकॉनचा लेप असलेला कागद सुटतो, पण रेझिनच्या उष्णतेने त्याला सुरकुत्या पडतात आणि त्या तशाच्या तशा उमटतात. टेबल झाकायला ठीक आहे, साच्याला नाही.

लाकूडतोड्या
+१. चॉपिंग बोर्डाबद्दल एक भर. बोर्ड २ चा असो वा ५ चा, नवा असेल तरच घ्या. सुरीने चरे पडलेले असतील तर रेझिन त्या चऱ्यांत उतरून अडकतं. मग प्लॅस्टिक कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही, कारण ही पकड निव्वळ खाचेची असते.

आणि एचडीपीईच्या साच्यात बुडबुडे काढायला टॉर्च फिरवताना ज्वाला कडेच्या भिंतीवर जाऊ देऊ नका. एचडीपीईला रंग किंवा गोंद धरावा म्हणून कारखान्यात मुद्दाम ज्वाला देतात, कारण त्याने वरचा थर ऑक्सिडाइझ होऊन पृष्ठभागाची ऊर्जा वाढते. दर वेळी थोडी थोडी ज्वाला लागत गेली की 'पूर्वी सहज निघायचं, आता निघत नाही' ही तक्रार सुरू होते. प्लॅस्टिक तेच असतं, वरचा थर बदललेला असतो.

एफआरपीवाला
फायबरच्या साच्यांची सवय असलेल्यांसाठी: पॉलिएस्टर रेझिन कडक होताना पाच ते आठ टक्के आकसतं, त्यामुळे ते आपोआप साचा सोडतं. इपॉक्सी त्या मानाने खूपच कमी आकसतं. म्हणून फायबरचे अंदाज इथे तसेच लावू नका. खोल आणि ताठ साच्याच्या भिंतींना दोन-तीन अंशांचा उतार हवा, नाहीतर स्क्रूने जोडलेल्या, सुट्या होणाऱ्या भिंती ठेवा.

साचा काच, धातू किंवा रंगवलेल्या लाकडाचा असेल तर रिलीज, म्हणजे ओत सुटावा म्हणून साच्याला द्यायचा लेप, लागणारच. पद्धत अशी: कार्नोबा (एक वनस्पतिज मेण) असलेलं मोल्ड रिलीज वॅक्स सुती फडक्याने पातळ लावायचं, धुरकट झालं की पुसून चमकवायचं. नव्या साच्याला असे चार-पाच हात, दोन हातांत तासभर अंतर. त्यावर पीव्हीएचा एक पातळ थर स्पंजने. तो वाळून फिल्म झाली की मगच रेझिन. काम निघाल्यावर ही फिल्म पाण्याने धुऊन जाते.

आणि मोरपंखीताई, तुमच्या यादीत फेव्हिकॉल बघून लिहितोय. पीव्हीए म्हटलं की बरेच जण तोच लावतात. रिलीजचं पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. फेव्हिकॉल पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचा, म्हणजे सरळ गोंद. नाव सारखं, काम बरोबर उलटं. फायबरचं सामान मिळतं त्या दुकानात 'मोल्ड रिलीजचं पीव्हीए' म्हणूनच मागा.

रत्नांग्रीकर
व्हॅसलीनचं काय मग? आमच्याकडे बरेच जण तेच लावतात आणि काम निघतं.

एफआरपीवाला
निघतं, पण बोटांचे फराटे उमटतात आणि ते घासून काढत बसावं लागतं. शिवाय तेलकट थर राहिला की त्यावर दुसरा थर देताना रेझिन माशाच्या डोळ्यासारखं गोल गोल फाटतं. सिलिकॉन स्प्रेचाही हाच त्रास, थोडा जास्तच. खोबरेल किंवा खाद्यतेलाचं नावही नको. व्हॅसलीनला एकच जागा योग्य: सिलिकॉनच्या दोन भागांच्या साच्यात, पहिल्या भागावर दुसरा ओतण्याआधी. सिलिकॉनला फारसं काही चिकटत नाही, पण सिलिकॉन मात्र पक्कं चिकटतं.

लाकूडतोड्या
तिसऱ्या कामाबद्दल, म्हणजे टीपॉयच्या टॉपबद्दल. एवढ्या मोठ्या एचडीपीई शीटचा खर्च एका टॉपसाठी परवडत नाही. १८ मिमीचा प्रीलॅम बोर्ड (लॅमिनेट आधीच चिकटवलेला) किंवा शटरिंगची फिल्म लावलेली प्लाय घ्या. उघड्या सनमायकावर भरवसा ठेवू नका, टेप हवीच.

ब्राऊन टेप म्हणजे बीओपीपी, पॉलिप्रॉपिलीनच, त्यामुळे रेझिन सोडते. पण छापील टेप घेऊ नका. शाई धरावी म्हणून त्या बाजूवर प्रक्रिया केलेली असते आणि जिथे शाई धरते तिथे रेझिनही धरू शकतं. ७२ मिमी रुंदीची साधी टेप घ्या, जोड कमी येतात.

लावताना: बोर्डावरची धूळ ओल्या फडक्याने, नंतर कोरड्याने पुसा. पट्टी एका टोकाला चिकटवून ताणू नका, सैल सोडत जुन्या एटीएम कार्डाने पुढे दाबत न्या. पुढची पट्टी आधीच्यावर ४-५ मिमी चढवा. बुडबुडा राहिला तर सुईने टोचू नका, रेझिन त्या छिद्रातून खाली जाईल. पट्टी उचलून पुन्हा लावा. कडेच्या चारही पट्ट्यांना बोर्डात बसवण्याआधीच आतून टेप लावून घ्या, कोपऱ्यात बसवल्यावर हात पोचत नाही.

पट्ट्या बाहेरून स्क्रूने बसवा, गोंद नको, म्हणजे नंतर उलगडता येतील. आतल्या सांध्यांवर सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ ओढून साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने गोलसर करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट चालतं, मात्र वास जाईपर्यंत, निदान २४ तास थांबा. सीलंट लाकडाला लागू देऊ नका, तिथे पुढे पॉलिश धरत नाही.

सागाची घनता ०.६५ च्या आसपास, रेझिनची १.१. म्हणजे फळ्या तरंगणार. वरून आडव्या पट्ट्या टाकून क्लॅम्पने दाबून ठेवा आणि त्या पट्ट्यांच्या खालच्या अंगालाही टेप लावा, ही गोष्ट हमखास विसरली जाते. नदीकडच्या कडांना आदल्या दिवशी रेझिनचा पातळ हात द्या, नाहीतर लाकडाच्या छिद्रांतली हवा रात्रभर बुडबुडे सोडत राहते.

रेझिन किती: नदीची सरासरी रुंदी १२ सेंमी धरली तर ९० × १२ × ३ = ३२४० घनसेंमी, गुणिले १.१ म्हणजे साडेतीन किलोच्या थोडं वर. दहा टक्के जादा धरून चार किलो कालवायची तयारी ठेवा. गळती तपासायला पाणी ओतायचा मोह होईल, पण प्रीलॅमच्या कापलेल्या कडा पाणी पितात. त्यापेक्षा सांध्यांवर आतून १००-१५० ग्रॅम रेझिनची बारीक धार फिरवून ती घट्ट होऊ द्या, मग मुख्य ओत.

मोरपंखी
खूप उपयोगी, दादा. पण रेझिन गरम होतं ना? टेप वितळणार नाही?

काचकागद
वितळणार नाही, पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. पण टेपचा गोंद त्याच्या खूप आधी मऊ पडतो. मग पट्टी उचलली जाते आणि रेझिन तिच्याखाली शिरतं. म्हणून तीन सेंमीचा एकच ओत करायचा तर रेझिन 'डीप कास्टिंग'चंच हवं, जे सावकाश तापतं. कोटिंगचं किंवा आर्ट रेझिन असेल तर एका वेळी एक सेंमी, आणि पुढचा थर आधीचा कोमट राहिलेला नसताना. चार किलो रेझिन एकाच बादलीत कालवून गप्पा मारत बसू नका. बादलीत ते जास्त तापतं, कारण उष्णता बाहेर जायला पृष्ठभागच कमी. विदर्भात मे महिन्यात दुपारी ओतणं म्हणजे धूर काढायला आमंत्रण. पहाटे ओता.

उष्णतेचा त्रास साच्यालाही होतो. दोन-तीन मिमी जाडीची पॉलिप्रॉपिलीन शीट ८०-९० अंशांना वाकते आणि ठोकळ्याचं बूड फुगीर येतं. एचडीपीई घ्यायचीच तर १०-१२ मिमी जाडीची.

तिसरा_थर
कोस्टरसाठी मात्र वाद नाही, सिलिकॉनच. पन्नास नग एकसारखे हवेत तर सहा साचे एकदम करा.

बाजारात दोन जाती आहेत. टिन क्युअर: पांढरा डबा आणि सोबत कॅटॅलिस्टची छोटी बाटली, वजनाच्या दोन ते पाच टक्के, उत्पादकाने सांगितलं असेल तेवढंच. लवकर व्हावं म्हणून कॅटॅलिस्ट वाढवला की साचा लवकर ठिसूळ होतो. हे सिलिकॉन काळानुसार थोडं आकसतं. प्लॅटिनम क्युअर: बहुधा दोन डबे, १:१. महाग, पण माप टिकतं आणि रेझिनच्या कामात साचा जास्त दिवस चालतो. तुमच्या कामाला हेच, शोर ए २० ते ३० कडकपणाचं.

हिशेब असा: कोस्टरभोवती आणि खाली १ सेंमी भिंत धरली तर डबा १२ सेंमी व्यासाचा, सिलिकॉनची उंची १.८ सेंमी. घनफळ सुमारे २०४. त्यातून कोस्टरचं ६३ वजा करा, उरलं १४१ घनसेंमी. घनता १.१ धरून १५५ ग्रॅम, भांड्याला चिकटतं तेवढं मिळवून १७० ग्रॅम. सहा साच्यांना १०२० ग्रॅम, म्हणजे एक किलोच्या पॅकपेक्षा किंचित जास्तच.

चकाकी साच्यात येते ती मूळ नमुन्यातून. सिलिकॉन सगळं उचलतं, बोटाचा ठसासुद्धा. नमुना ८ मिमी अॅक्रिलिकचा लेझरने कापून घ्या आणि वरची फिल्म ओतायच्या मिनिटभर आधीच काढा. थ्रीडी प्रिंटचा नमुना असेल तर थरांच्या रेषा आधी घासून, लॅकर मारून घालवा.

आता प्लॅटिनमची खोड. गंधक, टिन, अमाइन यांच्यापैकी काहीही जवळ आलं की ते स्पर्शाच्या जागी चिकटच राहतं, कितीही दिवस थांबा. म्हणून लेटेक्सचे हातमोजे नकोत, नायट्राइलचे घाला. गंधक असलेली प्लॅस्टिसिनसारखी माती नको. टिन सिलिकॉन ढवळलेली काडी नको. यूव्ही रेझिनची थ्रीडी प्रिंट आणि अर्धवट कडक झालेला इपॉक्सीचा नमुना, दोन्ही धोकादायक. शंका असेल तर नमुन्याच्या मागच्या बाजूला चमचाभर सिलिकॉन टाकून आधी बघा.

नमुना डब्याच्या तळाला दुहेरी टेपने पक्का बसवा, नाहीतर सिलिकॉन खाली शिरतं. एका कोपऱ्यातून, उंचावरून, दोऱ्याएवढ्या धारेने ओता आणि सिलिकॉनला स्वतः नमुन्यावर चढू द्या.

रत्नांग्रीकर
आणि पन्नास नग होईपर्यंत साच्याची चकाकी टिकते का?

तिसरा_थर
सहा साच्यांत वाटले तर प्रत्येकावर आठ-नऊ ओत येतात, तेवढं टिकावं. साचा फाटण्याच्या कितीतरी आधी चकाकी जाते. हार्डनरमधली (रेझिन कडक व्हावं म्हणून त्यात मिसळतात त्या दुसऱ्या भागातली) अमाइन्स सिलिकॉनला हळूहळू कोरडं करतात आणि उष्णता त्यात भर घालते. सिलिकॉनवर टॉर्च मारलात तर एका ओतातही कडेची चकाकी जाईल. बुडबुड्यांसाठी हीट गन दुरून, दोन-तीन सेकंद, बस. साच्यावरची धूळ आणि ग्लिटर सेलोटेपने उचला. तारेच्या घासणीने किंवा पावडरने घासू नका. ठेवताना सपाट ठेवा, दुमडून ठेवलेला साचा तसाच वाकडा ओत देतो. वाकलाच तर गरम पाण्यात बुडवून सपाट फरशीवर गार होऊ द्या.

बेकिंगच्या मॅटबद्दल कुणी बोललं नाही. तिच्यात काचेच्या धाग्यांची जाळी असते, ती रेझिनच्या बुडावर कापडासारखी उमटते. पाउच सीलिंग मशीनच्या टेफ्लॉन कापडाचंही तेच. पण दोन्ही सुटतात सुरेख, त्यामुळे टेबलावर अंथरायला वापरा.

मोरपंखी
कोस्टर वरून कोरडे पण साच्याकडून चिकट निघाले, असं एका मैत्रिणीचं झालं. साचा वाईट होता का?

काचकागद
साचा बहुधा निर्दोष असतो. प्रमाण चुकतं किंवा ढवळणं कमी पडतं. डब्यावर '२:१ घनफळाने' लिहिलेलं असताना काट्यावर १००:५० मोजलं की झालं. रेझिनची घनता १.१५ आणि हार्डनरची ०.९७ असेल तर घनफळाचं २:१ म्हणजे वजनाचं १००:४२. म्हणजे हार्डनर जवळजवळ १९ टक्के जास्त पडला. आपल्या डब्यावरच्या घनता बघून गणित करा. ढवळताना तळ आणि कडा खरवडा, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा.

रत्नांग्रीकर
कोकणातल्या पावसाळ्यात उलटंही होतं. साच्याकडची बाजू चकचकीत आणि हवेकडची तेलकट. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या दमट कार्बन डायऑक्साइडशी जुळून तो थर होतो. कोमट पाणी आणि साबणाने धुतला जातो, थिनरने पुसत बसू नका. धुतल्याशिवाय दुसरा थर मात्र देऊ नका, तो सालीसारखा सुटेल.

तिसरा_थर
वरमालेच्या ठोकळ्याचं बाकी आहे. ३० × ३० × २.५ म्हणजे २२५० घनसेंमी, अडीच किलो रेझिन. एकाच नगासाठी एवढा सिलिकॉनचा साचा करायचा की नाही, हे पुढे अशी कामं घेणार का त्यावर ठरवा. घेणार असाल तर तयार साचा विकत घ्या, पण भिंती बाहेर फुगतात, म्हणून चारही बाजूंना प्लायच्या पट्ट्या टेकवून बांधा. नसाल तर १० मिमी एचडीपीईची स्क्रूने जोडलेली पेटी. बाजू थोड्या मॅट येतील, ४०० पासून ३००० पर्यंत ओला पॉलिश पेपर आणि वर बफिंग लागेल. टेपची पेटी इथे नको, पारदर्शक ठोकळ्यात टेपच्या जोडाची प्रत्येक रेघ दिसते.

फुलं सिलिका जेलमध्ये पूर्ण कोरडी झालेली हवीत. ओलसर गुलाब रेझिनच्या उष्णतेने तपकिरी पडतो आणि वाफेचे बुडबुडे सोडतो. आधी अर्धा सेंमीचा थर, तो घट्ट पण बोटाला किंचित चिकट असताना हार उलटा मांडायचा, कारण साच्याचा तळ हीच पुढे दर्शनी बाजू होणार. मग बाकीचं सेंमी-सेंमीच्या थरांनी.

निघत नसेल तर पाचर ठोकू नका. पेटीचे स्क्रू काढा, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पॉलिथिलीन इपॉक्सीपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे तळाची पाटी सुटी व्हायला मदत होते. कडेला पांढरी फट दिसली की कॉम्प्रेसरची हवा त्या फटीत सोडा.

लाकूडतोड्या
कोस्टरची वरची कड धारदार येईल, त्याचाही उपाय आत्ताच सांगून ठेवतो. रेझिन भिंतीला किंचित वर चढतं आणि तिथे पात्यासारखी कड तयार होते. साचा काठोकाठ भरू नका, मिलिमीटरभर खाली ठेवा, निघाल्यावर ती कड २२० च्या पेपरने मोडा. वर डोम कोट (फुगीर, चकचकीत रेझिनचा थर) द्यायचा असेल तर खालच्या बाजूला पूर्ण ब्राऊन टेप लावा आणि कोस्टर कपावर उचलून ठेवा. थेंब टेपवर जमतात. रेझिन खजुरासारखं घट्ट झालं, बहुतेक रेझिनचं आठ-दहा तासांत होतं, की टेप थेंबांसकट ओढून काढा. पूर्ण कडक झाल्यावर ओढलीत तर कड टवकेल. उशीर झालाच तर हीट गनने खालून कोमट करून मग ओढा.

मोरपंखी
सगळ्यांचे आभार. प्लॅटिनम सिलिकॉन, ७२ मिमी टेप, १० मिमी एचडीपीई आणि नायट्राइलचे हातमोजे, एवढं मागवते. ओतायची पाटी समतळ आहे का हे तपासायला मोबाइलचं ॲप पुरेल का?

लाकूडतोड्या
कोस्टरला पुरेल. टीपॉयला नाही. ९० सेंमीवर अर्धा अंश चुकला तर एका टोकाला जवळजवळ ८ मिमी फरक पडतो. गवंड्याची लांब लेव्हल बाटली आणा, दोन्ही दिशांनी लावा आणि रेझिन ओतल्यावर पुन्हा एकदा बघा, कारण वजन आल्यावर टेबल दबतं.